‘लायब्ररी फंक्शन’ आणि ‘युजर डिफाइन्ड फंक्शन’ : पाच गुणांच्या तक्त्यात काय राहून जातं?

सी प्रोग्रामिंगचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या आणि फंक्शनचं प्रकरण उघडा. दोन-चार पानांत एक तक्ता सापडेल. डावीकडे ‘लायब्ररी फंक्शन’, उजवीकडे ‘युजर डिफाइन्ड फंक्शन’. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न पदवीच्या पेपरला येतो, तोंडी परीक्षेला येतो, आणि पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीतही कुणीतरी सहज म्हणून विचारतं. उत्तर सगळ्यांचं पाठ असतं.

या लेखात त्या तक्त्याची जरा नीट तपासणी करू. तो सोपा आहे अशी माझी तक्रार नाही. पहिल्या वर्षाला सोपंच हवं. तक्रार अशी आहे की त्यातल्या काही ओळी चुकीच्या आहेत, काही अर्धवट आहेत, आणि ज्या एका गोष्टीमुळे साधं फंक्शन ‘लायब्ररी रूटीन’ बनतं तिला तक्त्यात जागाच नाही. संशोधनाला बसल्यावर नेमकी तीच गोष्ट रोज लागते. ती लक्षात आली नाही तर प्रबंधातला आकडा चुकू शकतो, आणि चुकलाय हे कुणाला कळतही नाही.

तक्ता काय सांगतो

पुस्तकागणिक शब्द बदलतात, पण साधारण मुद्दे हे असतात:

१. लायब्ररी फंक्शन आधीच तयार असतं. युजर डिफाइन्ड फंक्शन प्रोग्रामर स्वतः लिहितो.
२. लायब्ररी फंक्शन हेडर फाईलमध्ये असतं. युजर डिफाइन्ड फंक्शन प्रोग्राममध्ये असतं.
३. लायब्ररी फंक्शनचं नाव बदलता येत नाही; आपल्या फंक्शनचं बदलता येतं.
४. लायब्ररी फंक्शनमुळे वेळ वाचतो. आपलं फंक्शन लिहायला वेळ लागतो.
५. उदाहरणं: प्रिंटएफ, स्कॅनएफ, वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी, आणि दुसऱ्या बाजूला ‘बेरीज’, ‘फॅक्टोरियल’ वगैरे.

आता एकेक ओळ बघू.

पहिली ओळ: ‘आधीच तयार’ म्हणजे कुणासाठी?

प्रिंटएफ हेसुद्धा कुणीतरी सी मध्ये लिहिलेलं फंक्शनच आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या दृष्टीने ते युजर डिफाइन्डच होतं. उद्या तुम्ही लिहिलेलं फंक्शन शेजारच्या लॅबमधली मुलगी वापरायला लागली, तर तिच्यासाठी ते ‘आधीच तयार’ झालं. म्हणजे या ओळीतला फरक फंक्शनच्या अंगचा नाही. तो लिहिणारा आणि वापरणारा यांच्यातल्या नात्याचा आहे.

कंपायलरलाही तो फरक फारसा दिसत नाही. आर्ग्युमेंट द्यायची तीच पद्धत, परत यायची तीच पद्धत, रिटर्न व्हॅल्यू तशीच. (काही ओळखीच्या लायब्ररी फंक्शनांसाठी कंपायलर स्वतःच झटपट सूचना घालतो, पण तो वेगाचा भाग झाला.)

शिवाय दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. सी मधलं क्यूसॉर्ट घ्या. क्रम लावायचं काम लायब्ररीचं, पण दोन घटकांत लहान कोण हे सांगणारं फंक्शन तुम्ही लिहून द्यायचं. इथे तुम्ही लायब्ररीला बोलावता आणि लायब्ररी उलट तुमच्या फंक्शनला बोलावते. तक्त्याच्या दोन रकान्यांमधली रेष इथे पुसट होते.

दुसरी ओळ: हेडर फाईलचा गैरसमज

ही ओळ सरळ चुकीची आहे, आणि गंमत म्हणजे हीच सगळ्यात जास्त पाठ असते. स्टडआयओ डॉट एच ही फाईल उघडून वाचा. ती साध्या अक्षरांतली फाईल आहे, कुणीही वाचू शकतं. तिथे प्रिंटएफचं प्रोटोटाइप दिसेल: नाव काय, काय घेतं, काय परत देतं. प्रिंटएफ आतून कसं चालतं ते तिथे दिसणार नाही. ते आधीच कंपाइल होऊन सी लायब्ररीच्या वेगळ्या फाईलमध्ये पडलेलं असतं आणि लिंकर ते तुमच्या प्रोग्रामशी जोडतो.

पडताळा घ्यायचा असेल तर लिनक्सवर एक प्रयोग करा. वापरकर्त्याकडून एक संख्या घ्या, एसक्यूआरटीने तिचं वर्गमूळ काढा, मॅथ डॉट एच व्यवस्थित जोडा, आणि जीसीसीला ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, गणिती लायब्ररी जोडायचा ‘एल-एम’ पर्याय न देता चालवा. कंपायलरची काही तक्रार नसते, पण लिंकर ‘हे नाव मला सापडत नाही’ म्हणून थांबतो. हेडर होती, फंक्शन नव्हतं. एवढ्या एका प्रयोगाने दुसरी ओळ खोडली जाते. (सी प्लस प्लसमध्ये काही लायब्ररी पूर्णपणे हेडरमध्येच लिहिलेल्या असतात हे खरं, पण तक्ता ज्याबद्दल बोलतो त्या सी च्या प्रमाण लायब्ररीचं तसं नाही.)

हे इतकं ताणून का सांगतेय? कारण हेडर आणि लायब्ररी वेगळ्या असणं हा नुसता तांत्रिक तपशील नाही. हेडर म्हणजे ‘काय मिळेल’ आणि लायब्ररी म्हणजे ‘कसं केलंय’. पुढचा सगळा लेख या दोघांतल्या अंतराबद्दल आहे.

तिसरी आणि चौथी ओळ

तिसरी ओळ अर्धी बरोबर आहे. सी च्या प्रमाणात लायब्ररीतली नावं राखीव आहेत. त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन लिहिलं तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. पण प्रत्यक्षात मेमरी देणारं मॅलॉक काढून त्या जागी दुसरं जलद मॅलॉक बसवणं ही मोठ्या प्रकल्पांत नेहमीची गोष्ट आहे. नाव तेच, प्रोटोटाइप तेच, आतलं काम वेगळं. म्हणजे नाव बदलता येतं की नाही यापेक्षा, नाव तेच ठेवून आतला माल बदलता येतो, ही जास्त महत्त्वाची गोष्ट आहे.

चौथी ओळ वापरणाऱ्यापुरती खरी आहे. तिची दुसरी बाजू, म्हणजे लायब्ररीत फंक्शन ठेवणाऱ्याचा वेळ, तक्त्यात कुठेच नाही. आणि इथूनच खरा मुद्दा सुरू होतो.

१९५२ सालची दोन पानं

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या हाताखाली एडसॅक नावाचा संगणक बांधला गेला आणि मे १९४९ मध्ये त्याच्यावर पहिला प्रोग्राम चालला. या यंत्रासाठी सबरूटीनची लायब्ररी उभी करण्यात डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांनी १९५१ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी व्हीलर यांचा प्रबंध पूर्ण झाला. संगणकशास्त्रातली पहिली पीएच.डी. म्हणून बऱ्याचदा त्या प्रबंधाचा उल्लेख होतो.

तेव्हाची ‘लायब्ररी’ हा शब्दशः ग्रंथालयासारखा प्रकार होता. एका पोलादी कपाटात छिद्रं पाडलेल्या कागदी फिती ठेवलेल्या असत, प्रत्येक फितीवर एक सबरूटीन. तुम्हाला जे हवं त्याची फीत कपाटातून काढायची, यंत्रावर लावून तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवायची, आणि मूळ फीत परत जागेवर ठेवायची. आज लिंकर जे करतो ते तेव्हा माणूस हाताने करत होता. समीकरणं सोडवणाऱ्या काही रूटीनना तर वापरणाऱ्याने स्वतःचं छोटं सबरूटीन जोडून द्यावं लागे. म्हणजे वर क्यूसॉर्टचं जे सांगितलं ते तेव्हाही होतंच.

१९५२ च्या मे महिन्यात पिट्सबर्गच्या परिषदेत व्हीलर यांनी सबरूटीनच्या वापरावर एक छोटा लेख मांडला. छापील लेख अवघ्या दोन पानांचा आहे. माझ्या मते आपल्या तक्त्याऐवजी ही दोन पानंच वर्गात वाचायला द्यावीत.

त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला मुद्दा माझ्या शब्दांत असा. एखादं सबरूटीन साध्या रूपात नुसतं लिहून काढणं वेगळं, आणि ते लायब्ररीत ठेवण्याजोगं करणं वेगळं. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात. ते अनेक परिस्थितींत चालेल असं करावं लागतं, तपासावं लागतं. आणि हे सगळं झाल्यावरही एक काम उरतं: आतला कोड ज्याला माहीत नाही अशा माणसाला ते सहज वापरता येईल असं वर्णन लिहिणं. हे शेवटचं काम कदाचित सगळ्यात अवघड असेल, असं व्हीलर म्हणतात. लेखाच्या शेवटी ते तीन उद्दिष्टं देतात: वापरायला सोपं, कोड बरोबर, आणि वर्णन अचूक. गुंतागुंत शक्यतो नजरेआड पुरून टाकावी, असंही सांगतात.

आता तक्ता पुन्हा बघा. ‘वापरायला सोपं’ हे त्यात ‘वेळ वाचतो’ या रूपात आहे. ‘कोड बरोबर’ हे गृहीत धरलेलं आहे. ‘वर्णन अचूक’ हे कुठेच नाही. जो भाग सगळ्यात अवघड म्हणून सांगितला गेला, नेमका तोच आपल्या अभ्यासक्रमातून गळला.

म्हणून माझ्या मते फरक असा मांडावा: फंक्शन म्हणजे कोडचा एक भाग. लायब्ररी रूटीन म्हणजे तो कोड, अधिक अनोळखी माणसाला दिलेलं एक वर्णन, अधिक ते वर्णन पाळण्याची जबाबदारी. हे तिन्ही असेल तर चार ओळींचं फंक्शनही लायब्ररी रूटीन आहे. नसेल तर चार हजार ओळींची फाईलही कुणाच्या तरी फोल्डरमध्ये पडलेला कोडच.

वर्णन आणि वागणूक यांच्यात फट पडली की

मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवायला सी मध्ये दोन फंक्शनं आहेत, मेमकॉपी आणि मेममूव्ह. दोन्ही तुकडे एकमेकांवर चढत असतील तर मेममूव्ह वापरा, मेमकॉपीची अशा वेळी हमी नाही, असं प्रमाणात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बरीच वर्षं लिनक्सच्या सी लायब्ररीतलं मेमकॉपी सुरुवातीकडून शेवटाकडे उतरवत असल्यामुळे चढलेल्या तुकड्यांच्या काही बाबतीत उत्तर योगायोगाने बरोबर येत असे. काही प्रोग्रामर तसंच वापरत राहिले.

२०१० मध्ये त्या लायब्ररीत काही प्रोसेसरांसाठी जास्त वेगाचं मेमकॉपी आलं आणि ते उलट दिशेने उतरवू शकत होतं. वर्णनाचा भंग कुठेच झाला नव्हता. तरी फेडोरा १४ वर ॲडोबी फ्लॅशच्या व्हिडिओंमधला आवाज खरखरू लागला, कारण फ्लॅशने चढलेल्या तुकड्यांवर मेमकॉपी वापरलं होतं. वाद पेटला. चूक फ्लॅशची आहे, एका बाजूचं म्हणणं. लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की सामान्य माणसाला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्याचं चालणारं यंत्र बिघडलं. पुढे जुन्या पद्धतीने तयार झालेल्या प्रोग्रामांसाठी जुनी सुरक्षित वागणूक राखून ठेवण्यात आली.

यात कोण बरोबर? वर्णनाच्या बाजूने बघितलं तर लायब्ररीवाले. पण टोरवाल्ड्स यांच्या म्हणण्यातही अर्थ आहे. वापरणारे वाढले की लोक वर्णनावर कमी आणि दिसणाऱ्या वागणुकीवर जास्त विसंबतात, हे लायब्ररी लिहिणाऱ्याने गृहीत धरायलाच हवं. तुमच्यासाठी यातला धडा साधा आहे: ‘चालवून बघितलं, आलं बरोबर’ हा लायब्ररी रूटीन वापरण्याचा पुरेसा आधार नाही. आज बरोबर येणारं उत्तर हमीतलं आहे की योगायोगाचं, हे फक्त वर्णनच सांगतं.

कधीकधी वर्णनच मुळात धोक्याचं असतं. एक ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन घ्या. किती जागा आहे हे त्याला सांगायची सोयच नव्हती, त्यामुळे ते सुरक्षितपणे वापरणं कुणालाच शक्य नव्हतं. १९८८ च्या मॉरिस वर्मने इंटरनेटवर धुमाकूळ घातला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. तरी प्रमाणातून गेट्स काढून टाकायला २०११ साल उजाडलं. लायब्ररीत एकदा गेलेली गोष्ट बाहेर काढणं किती जड जातं, ते यावरून कळेल.

नाव एक, वर्णनं दोन

आता संशोधनातलं रोजचं उदाहरण. ही आठ मापं घ्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. यांचं प्रमाण विचलन काढायचं आहे. पायथनमध्ये नमपायला विचारा, उत्तर २ येईल. पांडाजला विचारा, सुमारे २.१४ येईल. फंक्शनचं नाव दोन्हीकडे एकच. आणि पांडाज तर नमपायच्याच पायावर उभी आहे!

दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३२. नमपाय तिला ८ ने भागते, म्हणजे हाच संपूर्ण समूह आहे असं धरते. पांडाज ७ ने भागते, म्हणजे हा मोठ्या समूहातला नमुना आहे असं धरते. आर मधलं प्रमाण विचलनही ७ नेच भागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. नमुने हजारांत असतील तर फरक जाणवणारही नाही. पण तुमच्याकडे आठ रुग्ण किंवा सहा शेतं असतील, तर एरर बारची लांबीच बदलते.

‘आधीच तयार असतं, वेळ वाचतो’ एवढंच शिकलेला विद्यार्थी इथे काय करेल? जे फंक्शन हाताशी आलं ते वापरेल आणि प्रबंधात ‘प्रमाण विचलन काढले’ असं लिहील. कुठलं, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

याहून अवघड प्रकार डिफॉल्टचा. सायकिट-लर्न या लायब्ररीतलं लॉजिस्टिक रिग्रेशन तुम्ही काहीही न सांगता वापरलं तर ते साधं लॉजिस्टिक रिग्रेशन करत नाही. गुणक फार मोठे होऊ नयेत म्हणून दंड लावणारं रेग्युलरायझेशन त्यात आपोआप चालू असतं. भाकीत करायचं असेल तर हा डिफॉल्ट बहुधा सोयीचाच. पण गुणकांचा अर्थ लावून ‘अमुक घटकाचा परिणाम इतका’ असं लिहायचं असेल, तर तुम्ही छापलेला आकडा दंड लागलेला आकडा आहे. संख्याशास्त्राच्या पुस्तकातलं सूत्र वापरून कुणी पडताळा घेतला तर जुळणार नाही.

लायब्ररीत आहे म्हणजे बरोबर?

तक्ता हे उघडपणे म्हणत नाही, पण तसा ठसा उमटवतो. या ठशाविरुद्ध दोन उदाहरणं पुरेत.

पहिलं रँडू. आयबीएमच्या वैज्ञानिक सबरूटीन संग्रहात यादृच्छिक संख्या देणारं हे रूटीन होतं आणि विद्यापीठांमध्ये ते भरपूर वापरलं गेलं. कृती अगदी सोपी: आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणा आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्या. एकेक संख्या बघितली तर ठीक वाटते. पण लागोपाठच्या तीन संख्या घेतल्या की तिसरी नेहमी ‘दुसरीची सहापट वजा पहिलीची नऊपट’ इतकीच निघते (त्याच भाजकाने बाकी घेऊन). ६५५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३; त्याचा वर्ग करून बघा, पाच मिनिटांत कागदावर सिद्ध होईल. परिणाम असा की तीन-तीन संख्यांचे बिंदू घनात मांडले तर ते घनभर विखुरत नाहीत, फक्त १५ प्रतलांवर बसतात. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये या जातीच्या सगळ्याच पद्धतींचा हा दोष दाखवला. रँडूमध्ये तो फारच वाईट रूपात आहे. त्रिमितीतलं कुठलंही सिम्युलेशन त्यावर केलं असेल तर निकाल संशयास्पद. आणि ते इतकं पसरलं त्याचं एक मोठं कारण ‘लायब्ररीत आहे’ हेच होतं.

दुसरं उदाहरण जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चचं. मधली जागा काढताना (खालची + वरची) / २ असं लिहिलेलं. यादी प्रचंड मोठी, म्हणजे अब्जाच्या घरातली असेल, तर ती बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. ही चूक सुमारे नऊ वर्षं तिथे होती. ज्यांनी तो कोड लिहिला त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं.

पण याचा अर्थ ‘म्हणून सगळं स्वतः लिहा’ असा काढू नका. तुमच्या स्वतःच्या बायनरी सर्चमध्ये तीच चूक असती तर ती कुणी शोधून दिली असती? लायब्ररीची ताकद ती निर्दोष असण्यात नाही. हजारो लोक तेच रूटीन वापरतात, कुणालातरी चूक सापडते, एकदा दुरुस्त झाली की सगळ्यांसाठी होते. तुमच्या फंक्शनला हा आधार नसतो. तो तुम्हाला चाचण्या लिहून भरून काढावा लागतो.

व्हीलर यांच्या लेखात काय कमी आहे

ज्या लेखाची इतकी बाजू घेतली त्यालाही प्रश्न विचारले पाहिजेत. मला दोन दिसतात.

एक, काळाचा प्रश्न. एडसॅकच्या काळात फितीची नक्कल तुमच्या फितीवर आली की ती तुमची झाली. कपाटातली मूळ फीत उद्या बदलली तरी तुमचा प्रोग्राम होता तसाच राही. आजची लायब्ररी तुमच्या पायाखाली बदलते. आर ३.६.० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हा यादृच्छिक नमुना काढणाऱ्या सँपल फंक्शनची डिफॉल्ट पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत मोठ्या समूहांसाठी थोडा कल होता. बदल योग्यच होता. पण तोच कोड, तीच सीड, आणि नमुना वेगळा! आधीच्या आवृत्तीवर काढलेला निकाल नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा येत नाही. त्यामुळे ‘वर्णन अचूक’ या अटीत आज व्हर्जनचा आकडाही धरावा लागतो.

दोन, ‘गुंतागुंत नजरेआड पुरावी’ हा सल्ला. वापरणाऱ्याची सोय म्हणून तो उत्तम आहे. पण पुरलेल्या गुंतागुंतीत काही निर्णयही पुरले जातात: आठने भागायचं की सातने, दंड लावायचा की नाही, हरवलेली मापं वगळायची की थांबायचं. हे निर्णय संशोधनाचे आहेत, ते लायब्ररीवर सोडता येत नाहीत. व्हीलर यांनी ‘पुरा’ आणि ‘अचूक वर्णन करा’ हे एकाच दमात सांगितलं होतं. आपण पहिलं उचललं आणि दुसरं विसरलो. सात दशकांपूर्वीच्या लेखावर याचा दोष टाकणं बरोबर नाही, पण लायब्ररी लिहिताना आणि वापरताना तो धोका ओळखायला हवा.

मग तुम्ही काय करायचं?

वापरताना: ज्या फंक्शनचं उत्तर प्रबंधात छापलं जाणार आहे त्याचं डॉक्युमेंटेशन पूर्ण वाचा, विशेषतः डिफॉल्ट. सगळ्या फंक्शनांचं वाचायला वेळ नसतो, मान्य. पण छापल्या जाणाऱ्या आकड्यांमागची फंक्शनं सहसा दहा-बाराच असतात. प्रत्येकाला आधी असं उदाहरण द्या ज्याचं उत्तर तुम्ही हाताने काढू शकता. वरची आठ मापं त्यासाठीच चांगली आहेत.

लिहिताना, म्हणजे प्रबंधाच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात: लायब्ररीचं नाव, व्हर्जन, आणि निकालावर परिणाम करणारे पर्याय, मग ते डिफॉल्ट का असेनात. ‘पायथन वापरून विश्लेषण केले’ हे वाक्य ‘पेनाने लिहिले’ इतकीच माहिती देतं.

स्वतःचं फंक्शन दुसऱ्याला देताना: लॅबमधल्या ज्युनिअरला तुमची फाईल पाठवलीत त्या क्षणी तुम्ही लायब्ररीवाले झालात. काय घेतं, कुठल्या एककात घेतं, काय परत देतं, रिकामी यादी आली तर काय होतं, कशाची हमी नाही, आणि एक चालवून बघता येईल असं उदाहरण, एवढं वर लिहा. लिहायला बसलात की जाणवेल, कोडपेक्षा हेच जास्त डोकं खातं. एका बैठकीत लिहिता येत नसेल तर बहुधा फंक्शनच एकाच वेळी तीन कामं करत असतं. आधी ते तोडा.

आणि परीक्षेचं काय? पेपरात प्रश्न आला तर तक्ता लिहा, गुण त्याचेच आहेत. फक्त दुसऱ्या ओळीत ‘हेडर फाईलमध्ये असतं’ याऐवजी ‘घोषणा हेडर फाईलमध्ये असते, कंपाइल केलेला कोड लायब्ररीत असतो’ असं लिहा. त्यासाठी कुणी गुण कापणार नाही. मुलाखतीत प्रश्न आला तर मात्र तक्ता म्हणून दाखवू नका. आठ मापांचं उदाहरण द्या, दोन उत्तरं सांगा, आणि तुमच्या विषयात त्यातलं कुठलं वापराल आणि का, ते सांगा. समोरचे पुढचा प्रश्न नक्की विचारतील, आणि तो तुमच्या संशोधनाबद्दल असेल.